दुसऱ्यांदा गावकीपुढे

हसुराम पाटलांनी देवळातली घंटा एकदाच वाजवली, आणि उघाडीच्या लिलावावरून उठलेला गलका हळूहळू खाली बसला. लिलाव नुकताच आटोपला होता. बोली यंदाही हरेशवरच पडली होती. म्हणजे वर्षभर भरतीच्या पाण्याबरोबर उघाडीच्या दारातून आत येणारी कोळंबी, निवट्या आणि नशिबात असतील ते जिताडे हरेशचे, आणि त्यांचे पैसे गावकीचे. बोली लागल्यावर हरेश दरवर्षी असा चेहरा करी, की जणू गावाने त्याला देवापुढे उभं करून लुटलं. आणि दरवर्षी सगळ्यांच्या वर आवाज काढून बोलीही तोच लावी.

"आता शिक्षणाचं," हसुराम म्हणाले. "जनूच्या घरचं मागणं हाय. दुसऱ्यांदाचं."

'दुसऱ्यांदाचं' म्हटल्यावर सभामंडपातल्या माना एकदम वळल्या. आत पुरुष बसले होते, बाहेर पडवीत बायका. बायकांनी गावकीत बोलू नये असं कोणी कुठे लिहून ठेवलेलं नव्हतं, पण न लिहिलेले नियमच जास्त टिकतात. नम्रता पडवीत आईला खेटून बसली होती. मालूने लेकीचा हात आपल्या मांडीवर घट्ट दाबून धरला होता. त्या हातांना घाम सुटला होता, तो दोघींपैकी कोणाचा हे सांगता आलं नसतं.

खारदेवळी हे पेणच्या खाडीला लागून वसलेलं गाव. पूर्वजांनी बांध घालून खाडीकडून जमीन हिसकावली आणि पाणी आत-बाहेर सोडायला बांधात लाकडी दारं बसवली, ती उघाडी. तिच्यातल्या मासळीचा पैसा साऱ्या गावाचा. देवळाची डागडुजी त्यातून, बांधाची मातीही त्यातून, आणि गावचं कोणी बाहेर शिकायला गेलं तर त्याची फीसुद्धा त्यातूनच. पण फी एकदाच. दुसऱ्यांदा हवी असेल तर देवापुढे उभं राहून कारण सांगायचं. मग पाटलांनी देवळापासून बांधापर्यंत एकेका घराला हाक मारायची आणि प्रत्येक घराने 'हाय' म्हणायचं. एक जरी घर गप्प राहिलं तरी मागणं पडलं. हा नियम कोणी केला ते आता कोणालाच ठाऊक नव्हतं, पण त्याला पैसे द्यायची फारशी हौस नसावी.

पहिल्यांदा नम्रताला फी मिळाली तेव्हा कोणाला हाक मारावी लागली नव्हती. रोह्याकडच्या फार्मसी कॉलेजात नंबर लागलेली गावातली ती पहिलीच मुलगी. हसुरामांनी स्वतः तिच्या हातात नारळ दिला होता. ती गाडीत बसली तेव्हा पेण स्टेशनावर इतकी माणसं सोडायला आली होती, की डब्यातल्या एका बाईने "नवरी कुठाय?" म्हणून विचारलं होतं.

आणि दुसऱ्या वर्षाच्या मध्यावर जनू तिला परत घेऊन आला.

पेणच्या डॉक्टरीणबाईंनी 'नैराश्य' हा शब्द सांगितला होता. जनूने तो येताना वाटेत दोन-तीनदा मनातल्या मनात म्हणून पाहिला, पण मिठागरात राबणाऱ्या माणसाच्या तोंडात तो बसेना. गावच्या नाक्यावर रिक्षातून उतरल्या उतरल्या कोणीतरी विचारलं, "पोरीला का आणलीस रे?" आणि जनूच्या तोंडून निघून गेलं, "कावीळ." पोर पिवळी पडलेली नव्हती, पण सुकलेली होती. खपून गेलं.

खपलं ते इतकं खपलं, की दुसऱ्या दिवशी उजाडताच धोंडुबाई दारात हजर. कावीळ उतरवावी तर खारदेवळीच्या धोंडुबाईनेच, अशी जित्यापासून वडखळपर्यंत ख्याती. रानातल्या वेलाचे तुकडे दोऱ्यात ओवून ती माळ करी आणि ती आजाऱ्याच्या डोक्यावर ठेवी. दिवस जातील तसतशी माळ वाढे, डोक्यावरून गळ्यात उतरे, गळ्यातून पोटापर्यंत लोंबू लागे, आणि तिच्याबरोबर कावीळही उतरे. नम्रताच्या डोक्यावरही माळ चढली. मग ज्या घरी काविळीचं माणूस, त्या घरी तेल नाही आणि हळद नाही. शेजाऱ्यांची नाकं तिखट, चोरून फोडणी घालायचीही सोय नव्हती. चार महिने त्या घराने माशांचं पांढरं कालवण खाल्लं. जिताड्याचं कालवण हळदीशिवाय करणं म्हणजे मेलेल्या माशाला पुन्हा मारणं, असं मालू आपल्याशीच पुटपुटे आणि तसंच ताटात वाढे.

नम्रताला त्या दिवसांत हळदीची चवही लागत नव्हती आणि बिनहळदीचीही. ती आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून असे. मग डॉक्टरीणबाईंची औषधं लागू पडत गेली. कधी पडली ते नेमकं सांगता येत नाही, पण एका दुपारी तिने उशाशी पडलेलं आपल्याच गोळ्यांचं पाकीट उचललं, त्यावरची बारीक अक्षरं वाचली, आणि या औषधाचं शरीरात पुढे काय होतं ते तिला आपोआप आठवत गेलं. पहिल्या वर्षाला शिकलेलं होतं. ती उठून बसली आणि आईला म्हणाली, "माझी पुस्तकं कुठं ठेवलीस?" मालू पुस्तकं काढता काढता माळ्यावर बसूनच रडली.

आता कॉलेज तिला परत घ्यायला तयार होतं. दुसरं वर्ष पुन्हा पहिल्यापासून करायचं, फी महिनाअखेरीच्या आत भरायची. सरकारी शिष्यवृत्ती त्या वर्षापुरती एकदा घेऊन झाली होती, ती पुन्हा मिळेना. शिक्षणात खंड पडलेला बघून बँकेनेही कर्जाला मान डोलावली नाही. राहिली ती गावकी.

"बाबा, मी गावकीत खरं सांगते," ती सकाळीच म्हणाली होती. जनू अंगणात दाढी करत होता. त्याने वस्तरा बाजूला ठेवला.

"काय सांगशील?"

"मला काय झालं होतं ते."

"झाकली मूठ हाय, पोरी. झाकलीच राहू दे. कावीळ बोलायचं, पैसं घ्यायचं, रोह्याला जायचं. लोकांच्या तोंडाला कोण हात लावतंय? एकदा का 'डोक्याची' हा शिक्का बसला ना, मग तू डॉक्टर जालीस तरी लोकं तेच बोलतील."

"डॉक्टर नाय, फार्मासिस्ट."

"तेच." आणि तो पुन्हा आरशाकडे वळला. हनुवटीवर कापलं होतं, तिथे त्याने तुरटी दाबून धरली. नम्रता आत निघून गेली. बापाने इतका जपून सांभाळलेला खोटेपणा मोडायचा म्हणजे तिला त्याचं घर मोडल्यासारखंच वाटत होतं.

तर आता जनू सभामंडपात उभा राहिला. धुतलेला पांढरा सदरा, खांद्यावर टॉवेल, हनुवटीवर सकाळची जखम. त्याने देवाला हात जोडले, मग गावाला जोडले, आणि पाढा म्हणावा तसं एका दमात सांगून टाकलं.

"पोरीला कावीळ जाली होती, ती साऱ्या गावाला माहीत हाय. त्याच्यात तिचं वर्ष गेलं. आता ती बरी हाय. कॉलेज परत घेतंय. एका वर्षाची फी गावकीनं द्यावी, येवढंच मागणं हाय."

हसुरामांनी मान डोलावली. दोन-चार म्हाताऱ्यांनीही डोलावली. सगळं सुरळीत पार पडणार असं मालूला वाटलं, आणि तिची पकड जरा सैल झाली. तेवढ्यात हरेश उठला.

"जनूभाऊ, राग मानू नको," तो म्हणाला. राग मानू नको म्हणून जे बोलणं सुरू होतं ते कशासाठी असतं हे सगळ्यांनाच ठाऊक असतं, त्यामुळे लोक सावरून बसले. "कावीळ महिन्याची. लय तर दोन महिन्यांची. माझ्या मेव्हण्याला जाली, तर आपल्या धोंडुआजीची माळ डोक्यावर घालून तो धाटावला शिफ्टला जात होता. कंपनीच्या गेटवरचा वॉचमन त्याला नवरदेव बोलायचा."

मंडप हसला. हरेश हसला नाही.

"तुझी पोर दीड वर्ष घरात. माझा भाचा रोह्यालाच शिकतो. तो बोलतो, पोरगी परीक्षेला बसली आन् कोरा पेपर देऊन उठली. कावीळ जाली म्हणून पेपर कोरा राहत नाय. शिकायचं नव्हतं, असं सरळ बोला ना. गावाचा पैसा एकदा खाडीत गेला. दुसऱ्यांदा मी 'हाय' नाय बोलणार."

जनूने खांद्यावरचा टॉवेल ह्या खांद्यावरून त्या खांद्यावर टाकला.

"उलटली होती," तो म्हणाला.

"काय उलटली?"

"कावीळ. बरी जाली आन् परत उलटली."

एक खोटं दुसऱ्याला हाताला धरून आणतं, ते असं. जनूला वाटलं आपण निसटलो. पण पडवीतून करकरीत आवाज आला, आणि तो ऐकून पुरुषही ताठ होऊन बसले.

"कोण बोलतो उलटली?" धोंडुबाई भिंतीचा आधार घेत उठत होती. "माझ्या माळेनं उतरलेली कावीळ उलटलीय कवा? नाव सांग! माझ्या सासूच्या हातापासून आजपरत एकाची तरी उलटलीय?"

"आजी, तुला नाय बोलत..."

"मना नाय तर कोणाला? माळ माझी!"

आता जनू पुरता कात्रीत सापडला. कावीळ उलटली नाही म्हणावं तर दीड वर्षाचा हिशेब लागत नव्हता, आणि उलटली म्हणावं तर धोंडुबाईच्या दोन पिढ्यांच्या हातगुणाला बट्टा लागत होता. तो तोंड उघडी, मिटी. मिठागरात पोत्यामागून पोतं डोक्यावरून वाहणारा आपला बाप एका शब्दाच्या ओझ्याखाली असा वाकलेला बघून नम्रताला भडभडून आलं. आईचा हात तिने हळूच मांडीवरून बाजूला केला.

"कुठं चाललीस गो?" मालू कुजबुजली.

नम्रता पडवीची पायरी चढून आत गेली. चढतानाच तिला कळलं की आपल्याला भीती वाटत नाहीये असं मुळीच नाही. भीती वाटत होती, पण पाय चालत होते. पाय चालत नसत त्या दिवसांची तिला चांगली ओळख होती, आणि हा तसला दिवस नव्हता.

"काय, पोरी?" हसुराम म्हणाले.

"मागणं माझं हाय, काका. कारण पण मीच सांगते."

हसुरामांनी आजूबाजूला पाहिलं. कोणी हरकत घेतली नाही. घ्यायला कोणाला सुचलंच नसावं.

"मला कावीळ नव्हती जाली," नम्रता म्हणाली.

जनूने डोळे मिटून घेतले.

"डिप्रेशन बोलतात त्याला. मनाचा आजार. रोह्याला दुसऱ्या वर्षाला असताना सुरू जाला. सकाळी डोळे उघडायचे, पण उठता यायचं नाय. पाण्याचा ग्लास उचलायचा तर मिठाचं पोतं उचलतेय असं वाटायचं. आंघोळ नाय, जेवण नाय. मैत्रिणींना वाटायचं आळस करते. मला पण तसंच वाटायचं." तिने हरेशकडे पाहिलं. "हरेशकाका बरोबर बोलतात. मी पेपर कोरा दिला. प्रश्न वाचला, उत्तर येत होतं, पण हात चालला नाय. वेळ संपेपर्यंत तशीच बसून राहिले."

हरेश उभाच होता. त्याने खाली बघितलं.

"रोह्याला कुंडलिका नदीवर पूल हाय. मी संध्याकाळची तिथं जाऊन उभी राहायचे. कशाला ते सांगत नाय, माझी आई इथं बसलीय. एकदा समीक्षा, माझी रूममेट, मागून आली, तिनं माझा हात धरला, आणि खोलीवर नेऊन बाबांना फोन केला. म्हणून मी आज इथं उभी हाय. पेणच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टरीणबाई हायत, त्यांचं औषध घेतलं. अजून घेते, रोज. देवापुढं उभी राहून सांगते, मी आता बरी हाय. पण परत कधीच होणार नाय असं नाय सांगणार, कारण ते मला माहीत नाय. परत जालं तर परत दवाखान्यात जाईन, लपणार नाय. हे सगळं ऐकून फी द्यायची असली तर द्या. कावीळ समजून नको."

एवढं बोलून झाल्यावर तिला धाप लागली. बांध चढून आल्यावर लागते तशी, छाती भरून हवा घ्यायला लावणारी. आणि त्या धापेत तिला चक्क आनंद झाला. दीड वर्ष ती आपल्याच घरात दुसऱ्याच कुठल्या आजाराचं नाव लावून राहत होती. आता पैसे मिळोत न मिळोत, आजार तरी तिचा स्वतःचा झाला होता.

जनू आता खाली बसेल, तोंड लपवेल, कदाचित उठून निघूनही जाईल, असं बऱ्याच जणांना वाटलं. हात दाखवून अवलक्षण केलं पोरीने, असं कोणीतरी शेजाऱ्याच्या कानात म्हणालंही. पण जनू बसला नाही. तो लेकीच्या बाजूला येऊन उभा राहिला.

"मीच न्यायचो तिला पेणला," तो म्हणाला. "तुमाला सांगायचो, मिठागराच्या शेठकडं चाललो. पोर गाडीवर मागं बसायची, तोंडाला ओढणी गुंडाळून. ओढणी पण मीच बांधायला लावायचो. कावीळ मी बोललो, तिनं नाय. लाज मना वाटली." त्याने टॉवेलने तोंड पुसलं, आणि पुसून झाल्यावरही टॉवेल तोंडावरून लवकर काढला नाही. "आता नाय वाटत," तो टॉवेलातूनच म्हणाला.

नम्रताने बापाच्या दंडाला हात लावला. गावकीत असं करायची रीत नव्हती.

"म्हणजे माझी माळ फुकट गेली?" पडवीतून धोंडुबाईने विचारलं.

हसावं की गप्प बसावं ते कोणाला कळेना. नम्रता तिच्याकडे वळली.

"फुकट नाय गेली, आजी. माळ किती उतरली ते बघायला तू रोज सकाळी यायचीस. डोक्यावर हात ठेवायचीस. त्या खोलीत आई-बाबांशिवाय दुसरं कोण पाय ठेवत नव्हतं. तू येशील म्हणून मी तेवढ्यापुरती उठून बसायचे."

धोंडुबाईने यावर विचार केला. तिच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या जरा हलल्या, पण ती सहजासहजी हार मानणारी बाई नव्हती.

"ते जालं," ती म्हणाली. "पण मग हळद खायला काय हरकत होती गो? चार महिने मी मुळ्याचा पाला खुडून आणला तुझ्यापायी! आन् ही तुझी आई, मुकाट घ्यायची माझ्या हातातून!"

"काय करू, आत्ये?" मालू पहिल्यांदाच बोलली, रडत आणि हसत. "चार महिने मुळ्याचा पाला पण खाल्ला आमी. अजून स्वप्नात येतो."

मग मात्र मंडप हसला, पडवी हसली, हसुरामांनीही तोंडावर उपरणं धरलं. हे हसणं मघाच्या हसण्यासारखं नव्हतं. कोणाला लागेल असं त्यात काही नव्हतं. ते ओसरल्यावर पाटलांनी पुन्हा घंटा वाजवली आणि ते देवाकडे तोंड करून उभे राहिले. घरांना हाक मारायची ती देवाकडे तोंड करून, म्हणजे कोण 'हाय' म्हणताना कसा दिसतो ते पाटलाने बघू नये.

"नाग्याचं घर."

"हाय."

"पदूचं घर."

"हाय."

हाका जुन्याच नावांनी चालत. नाग्या आणि पदू मरून जमाना लोटला होता, पण घरं त्यांचीच. काही 'हाय' झटकन आले, काही घसा खाकरून. एका घराने इतका वेळ घेतला की आजूबाजूच्यांच्या माना तिकडे वळल्या. मग तिथला म्हातारा म्हणाला, "हाय, हाय. झोप लागली होती." काथोडचं घर म्हणजे धोंडुबाईचं. तिचा नवरा जाऊन कितीतरी वर्षं झाली, आणि त्या घराचा 'हाय' मंडपातून तिचा दीर म्हणे. आज त्याने तोंड उघडायच्या आत पडवीतून खणखणीत "हाय!" आला. दिराने उघडलेलं तोंड तसंच मिटलं. पाटलांनी मागे वळून पाहिलं नाही, ते पुढच्या घराकडे गेले.

देवळाकडची आळी संपली, विहिरीकडची संपली, बांधाकडची घरं आली. बांधाच्या टोकाला, उघाडीला लागून असलेलं शेवटचं घर हरेशचं.

"बाळ्याचं घर," हसुराम म्हणाले.

उत्तर आलं नाही.

हरेश मघापासून उभाच होता. लिलावात अख्ख्या गावाला दबवणारा त्याचा आवाज कुठे गेला होता कोण जाणे. त्याचे ओठ हलले, पण पुढच्या रांगेतल्यांनाही काही ऐकू आलं नाही. सगळ्या गावाने म्हटलं आणि एका घरासाठी राहिलं, असं झालं असतं तर नम्रता काही मोडून पडणार नव्हती, हे तिला ठाऊक होतं. पण तिला जायचं होतं. रोह्याला, त्याच वर्गात, त्याच बाकावर बसून तो पेपर तिला लिहायचा होता, आणि ते तिला इतकं मनापासून हवं होतं की दीड वर्षात दुसरं काही तसं हवंसं वाटलं नव्हतं.

"बाळ्याचं घर," पाटलांनी पुन्हा हाक दिली.

"एक विचारायचंय," हरेश म्हणाला.

"विचार."

"ती डॉक्टरीण." त्याने खिशावरून हात फिरवला, जणू तिथे काहीतरी शोधत होता. "ती कुठल्या वारी बसते?"

हसुराम रीत मोडून मागे वळले. "त्याचा इथं काय संबंध, हरेश? हाय का नाय, तेवढं बोल."

"हाय. बोललो, हाय." पाटलांकडे त्याचं लक्षच नव्हतं. "मी पोरीला विचारतोय."

हरेशच्या घरात कोण कोण राहतं, हे सगळ्यांना माहीत होतं. त्यांच्यातलं कोण, हे कोणी विचारलं नाही. नम्रतानेही विचारलं नाही. तिने त्याच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. रात्ररात्र जागणाऱ्या माणसाचा चेहरा ती ओळखत होती. तिच्या बापाचाही काही काळ तसाच झाला होता.

"मंगळवारी आन् शुक्रवारी," ती म्हणाली. "सकाळी लवकर जायला लागतं, केसपेपरला रांग असते. पहिल्यांदा जाताना ओळखीचं कोण बरोबर असलं की बरं पडतं, काका. रोह्याला जायच्या आधी मी येते तुमच्याबरोबर."

हरेशने मान डोलावली. मग तो हळूच खाली बसला आणि त्याने भिंतीला पाठ टेकली.

"ठरलं," हसुराम म्हणाले. त्यांनी देवापुढचा नारळ उचलला आणि दोन्ही हातांनी नम्रताच्या हातात दिला. मालूने पदर डोळ्यांना लावला. जनूने टॉवेल कुठे ठेवावा हे न कळून तो नम्रताच्याच खांद्यावर टाकला, आणि माणसं उठायला लागली.

तेवढ्यात पडवीतून कोणीतरी म्हणालं, "काय बोलली गो ती? मंगळवार, आन् दुसरा कुठला?"

आवाज बाईचा होता. कोणाचा ते कळलं नाही. पडवीतल्या सगळ्याच बायका पदर सावरत खाली मान घालून बसल्या होत्या, आणि एकीनेही दुसरीकडे वळून पाहिलं नाही. नम्रता नारळ घेऊन पडवीच्या उंबऱ्याशी आली आणि अगदी मागच्या भिंतीशी बसलेल्यांनाही ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाली,

"शुक्रवार."